कॉइलवाला केटरिंग

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला, जुन्या शहरात घरी गेलो होतो. बाबांची जुनी पॉइंटवाली मोटरसायकल लोड आला की मिसफायर करायची. मेसच्या पैशातून वाचवून जास्त पॉवरची कॉइल टाकायची, असं मी ठरवलंच होतं. पण राजराजेश्वर मंदिराकडच्या मेकॅनिककाकांनी आधी पॉइंट घासले, गॅप सेट केला, प्लगची चिरलेली वायर बदलली. गाडी मस्त पळाली. कॉइल तीच!

होस्टेलवर येऊन शोधलं, ही सिस्टीम कोणाची? नाव निघालं चार्ल्स केटरिंग. जन्म 1876, अमेरिकेतल्या ओहायोतलं शेतकरी घर. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग गड्याने टेलिफोनच्या लाइनवर काम केलं, परत आला आणि 1904 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला. बॅकलॉगवाल्यांनी नोंद घ्यावी!

नोकरी करता करता रात्री डेटन गावातल्या एका कोठारात मित्रांसोबत त्याने बॅटरी इग्निशन बनवलं. 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ते बसलं, 1912 मध्ये सेल्फ स्टार्टर आला. तत्त्व आपल्या सिलॅबसमधलंच. पॉइंट उघडला की प्रायमरीतला करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. गंमत म्हणजे प्लगचा गॅप ओलांडायला लागतं तेवढंच व्होल्टेज चढतं. म्हणून स्टॉक इंजिनला मोठी कॉइल लावून पॉवर वाढत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. इंजिनचं नॉकिंग थांबवायला त्याच्याच हाताखालच्या टीमने 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिसं टाकायचा उपाय शोधला. 1924 मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी थोड्या खंडानंतर धंदा पुन्हा सुरू झाला आणि केटरिंग त्याच्या बाजूने उभा राहिला. तो 1958 मध्ये गेला. भारतात शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं. म्हणजे आपल्या आईबाबांनी लहानपणी तोच धूर घेतला.

मला हा माणूस आवडतो आणि रागही येतो. दोष नेमका कुठे आहे ते आधी बघावं, हे काकांनी शिकवलं. आपल्या उपायाची किंमत कोण मोजणार, हे केटरिंगच्या चुकीने शिकवलं. उद्या आपणही इंजिनियर होणार, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवू या.

कॉइलचे वाचलेले पैसे? ते मेसलाच भरले!