खाशाबांचे वजन

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला खुराक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मेहनत आटोपून अंगावरची लाल माती झाडली, की घोटलेल्या बदामांची थंडाई घ्यायची. मग गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेले म्हशीचे दूध, आणि जेवणात हात सैल सोडून तूप. मीही तरुणपणी चार वर्षे हा नेम इमानाने पाळला. छाती होती तिथेच राहिली, पोट तेवढे पुढे आले. म्हणूनच की काय, कै. खाशाबा जाधवांचे चरित्र आठवले की माझी नजर प्रथम त्यांच्या वजनावर जाते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून खाशाबा आमच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गट होता ५२ किलोंचा. मातीतला हा गडी गादीवर नवखा, तरी सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस ते ५७ किलोंच्या गटात उतरले.

चार वर्षांत एक गट वर, म्हणजे अवघे पाच किलो! पण तिथे तराजू आधी आणि कुस्ती मागाहून. वाढायचे ते स्नायूंनीच. चरबीला जागा नाही. तुपाने वजन वाढते, पण स्नायू बांधणारी प्रथिने त्यात जवळजवळ नसतात, हे मला फार उशिरा कळले. मेहनतीनंतर एका वेळी वीसेक ग्रॅम प्रथिने हलक्या अंगाच्या गड्याला पुरतात, आणि अर्धा लिटर म्हशीच्या दुधात ती साधारण तेवढी असतात. घड्याळ लावून प्यायलाच हवे असेही नाही. दिवसभराचा आहार पुरेसा असला पाहिजे. कट्ट्यावरचे दूध खरेच होते तर. चुकले ते माझे माप.

हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाली आणि लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे राहण्याचा हुकूम आला. मधली अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने त्यांच्या हक्काची होती, पण ती मागायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. थकलेला देह हरला. तरी २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले.

कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, आणि १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. पण मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर त्यांनी प्रथम काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.