गुंडी लावण्याचे शास्त्र

मारिया माँटेसरी हे नाव आपल्या देशात आज बहुधा भरपूर शुल्क आकारणाऱ्या बालवाड्यांच्या फलकांवर दिसते. ज्या मुलांमुळे ही पद्धत आकाराला आली, ती मुले मात्र त्या दारातून क्वचितच आत जातात. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला हा प्रवास नेहमीच खटकत आला आहे.

१८७० साली इटलीतील क्यारावाल्ले येथे जन्मलेल्या माँटेसरी १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात साहाय्यक असताना त्यांना शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुले तेथे मनोरुग्णांसोबतच ठेवलेली असत. (ही आजची संज्ञा; तेव्हाच्या संज्ञा न लिहिलेल्याच बऱ्या.) हा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, असा निष्कर्ष काढून तो त्यांनी १८९८ च्या तुरिन येथील शिक्षण परिषदेत मांडला. ईतार आणि सेगाँ या फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ त्यांनी स्वहस्ते इटालियनमध्ये उतरवले. १९०० मध्ये रोमला सुरू झालेल्या विशेष शाळेच्या त्या सहसंचालक झाल्या.

तेथील एक अनुभव त्यांनी नोंदवून ठेवला आहे. एका ११ वर्षांच्या मुलीच्या हातांत पुरेसे बळ होते, तरी तिला रफू काही केल्या जमेना. सुई एकदा धाग्यावरून, एकदा धाग्याखालून न्यायची, एवढेही नाही. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला फ्रोबेलच्या पद्धतीने कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. त्यात हात बसल्यावर पुन्हा सुई दिली, तेव्हा मुलगी रफू करू लागली. कृती सांगण्याआधी तिला लागणारी हालचाल वेगळी काढून शिकवायची, हे सूत्र येथे गवसले. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणून एकीवर केवळ गुंड्या, दुसरीवर केवळ नाडी, तिसरीवर केवळ आकडे ठेवण्यामागेही हाच विचार आहे. अंगातल्या सदऱ्याची गुंडी मुलाला नीट दिसत नाही आणि कपडे घालणाऱ्या मोठ्या माणसाला घाई असते. अशी अनावश्यक मदत मुलाला दुबळे करते, यावर माँटेसरी कमालीच्या ठाम होत्या.

१९०१ मध्ये त्यांनी ती शाळा सोडली. १९०७ मध्ये सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले आणि जगभर कीर्ती झाली ती त्याची. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या. पहिल्याच वर्गाला देशभरातून सुमारे ३०० प्रशिक्षणार्थी जमले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच त्यांच्या मुलाला, मारिओला, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी सरकारने त्याची सुटका केली. पुढे कोडाईकनालमध्येही काम बहरले. या वर्गांचा रोख सर्वसामान्य मुलांकडे होता, आणि १९५२ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या पद्धतीचा उगम बहुतेकांच्या विस्मृतीत गेला होता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सेवेत असताना माझ्यापुढे येणाऱ्या आढावा-तक्त्यांत उतार, साधने, पटसंख्या यांचे रकाने असत. ताट धुणे, दात घासणे, गुंडी लावणे यांपैकी मूल काय शिकले, असा रकाना पाहिल्याचे मला आठवत नाही. तो घालायचा, तर त्यासोबत शिक्षकाचे तासही मंजूर करावे लागतील. एकेका मुलाला एक गुंडी शिकवण्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि अनेक शाळांमध्ये फिरणाऱ्या विशेष शिक्षकाला एका मुलापाशी आठवड्यातून एखादा तास मिळाला तरी पुष्कळ.