विश्लेषण : एका दिवसात तिप्पट झालेला संगणक कंपनीचा शेअर पुढे मातीमोल कसा झाला? कोण होते आन वांग?

२३ ऑगस्ट १९६७. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वांग लॅबोरेटरीज या कंपनीचा शेअर त्या दिवशी पहिल्यांदा बाजारात आला. विक्रीची किंमत होती साडेबारा डॉलर. बाजार बंद होताना भाव ४० डॉलरच्या घरात पोहोचला होता. आदल्या दिवशी ताळेबंदात जेमतेम २५ लाख डॉलरची मालमत्ता दाखवणाऱ्या कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे सात कोटी डॉलर झाले. कारखाना तोच, माल तोच, कामगारही तेच. वाढली होती ती फक्त लोकांची आशा. पुढची १५ वर्षे ही आशा बऱ्याच अंशी खरी ठरली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत पूर्ण धुळीला मिळाली. या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस होता.

सहाशे डॉलर आणि एक पेटंट

आन वांग यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२० रोजी शांघाय येथे झाला. वडील इंग्रजी शिकवत. शांघायच्या चिआओ तुंग विद्यापीठात वांग यांनी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाच्या काळात त्यांनी चिनी सैन्यासाठी रेडिओ संच तयार केले. युद्धात आई-वडील गेले. १९४५ मध्ये प्रशिक्षणासाठी ते अमेरिकेत आले, हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले.

त्याच वर्षी हार्वर्डच्या संगणक प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर एक प्रश्न आला. चुंबकीय कड्यात साठवलेली माहिती वाचायला गेले की ती पुसली जायची. वांग यांची युक्ती आज ऐकायला साधी वाटते : वाचताना पुसली जाते ना, मग वाचून झाल्याबरोबर पुन्हा लिहून टाका. या कल्पनेचा मॅग्नेटिक कोअर मेमरीच्या घडणीत मोठा वाटा आहे. पुढची सुमारे २० वर्षे जगभरच्या संगणकांची मुख्य स्मृती याच तंत्रावर चालली.

१९५१ मध्ये खिशातल्या ६०० डॉलरवर त्यांनी बोस्टनमध्ये एका खोलीत कंपनी थाटली. काही वर्षांनी पेटंट आयबीएमला पाच लाख डॉलरच्या करारात विकले. मात्र पेटंटवर दुसऱ्या एका संशोधकाचा दावा आल्याने ठरलेल्या रकमेचा काही भाग हाती आला नाही. आयबीएमने आपल्याला बरोबरीने वागवले नाही, ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

दुसरी सल घरातलीच म्हणावी अशी. १९५९ मध्ये पैशांची निकड असताना त्यांनी वॉर्नर अँड स्वेझी या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीला आपल्या कंपनीचा चौथा हिस्सा ५० हजार डॉलरला दिला. सोबत एक लाख डॉलरचे कर्ज मिळाले. थोड्याच काळात त्यांना कळून चुकले की पाव कंपनी कवडीमोलाने गेली. पैसा घ्यावा, पण मालकी सोडू नये, हा धडा वांग यांनी तिथे घेतला. पुढे शेअरधारकांना या धड्याची किंमत मोजावी लागली.

गुंतवणूकदार एवढे खूश का होते?

कारण माल खरोखर चांगला होता. १९६५ च्या सुमारास वांग यांनी लोकी नावाचे टेबलावरचे गणनयंत्र बाजारात आणले. गुणाकारासाठी ते लॉगरिदमचा आधार घ्यायचे, म्हणजे गुणण्याऐवजी लॉगची बेरीज. बारावीत लॉग टेबल घेऊन बसलेल्यांना ही चलाखी लगेच कळेल. त्यामुळे सुटे भाग कमी लागले आणि यंत्र आटोपशीर झाले. त्यानंतरच्या ३०० मालिकेची यंत्रे तर इंजिनीअरांपासून दलालांच्या पेढ्यांपर्यंत सगळीकडे पोहोचली. शेअर बाजारात ज्यांच्या हातून सौदे होत, त्यांच्याच टेबलावर वांगचे यंत्र असे. कंपनीला याहून चांगली जाहिरात कोणती मिळणार?

१९६७ च्या त्या तेजीला त्या काळातल्या वाऱ्याचीही साथ होती. कंपनीच्या नावात इलेक्ट्रॉनिक्सचा वास आला की शेअर उचलायचा, असा तो काळ. आजचा वाचक याला लिस्टिंग गेन म्हणेल. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. साडेबारावरून ४० वर गेलेल्या भावातला फरक कंपनीच्या तिजोरीत जात नाही. तो मिळतो ज्याच्या हाती शेअर आहे त्याला. वांग कुटुंबाकडे कंपनीचा मोठा हिस्सा राहिला होता. त्यामुळे ते एका दिवसात कागदावर कोट्यधीश झाले.

नंतर वांग यांनी जे केले, त्याने गुंतवणूकदारांचा विश्वास आणखी पक्का झाला. १९७० च्या सुरुवातीला चिपमुळे कॅल्क्युलेटर स्वस्त होणार हे त्यांनी ओळखले आणि ज्या धंद्याने नाव दिले त्यातूनच अंग काढून घेतले. मोर्चा वळवला तो कार्यालयातल्या टंकलेखनाकडे. हॅरॉल्ड कोप्लो आणि डेव्हिड मोरोस या दोघांनी आधी वापराची पुस्तिका लिहिली आणि मग त्याबरहुकूम यंत्र घडवले. १९७६ मध्ये आलेल्या या वर्ड प्रोसेसरवर मजकूर पडद्यावर दिसायचा, चूक झाली तर पान पुन्हा टाइप करावे लागत नसे. किंमत होती ३० हजार डॉलरच्या आसपास, तरीही कंपन्यांनी रांगा लावल्या. १९७८ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये वांगची जाहिरात झळकली. त्यात आयबीएम हा राक्षस होता आणि वांग त्याला भिडणारा लहानगा. हे चित्र सामान्य गुंतवणूकदाराला मनापासून पटले. पुढे काही वर्षे विक्री दरवर्षी ४० टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. सुरुवातीपासून शेअर धरून बसलेल्यांची चांदी झाली.

मत एक दशांश, भरवसा पूर्ण

या वाढीला भांडवल हवे होते. नवे शेअर काढले तर कुटुंबाचा हिस्सा घटणार, म्हणजे १९५९ ची चूक पुन्हा होणार. वांग यांनी १९७६ मध्ये यावर तोडगा काढला तो ‘ब’ वर्गाच्या शेअरचा. या शेअरला लाभांश जास्त, पण मताधिकार फक्त एक दशांश. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या नियमांत हे बसत नव्हते. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजने मात्र काही अटींवर परवानगी दिली. ‘ब’ वर्गाच्या शेअरधारकांना निदान पाव संचालक निवडता यावेत, ही त्यातली एक अट. हे सूत्र पुढे ‘वांग फॉर्म्युला’ म्हणूनच ओळखले गेले.

आपल्याकडे २००८ मध्ये टाटा मोटर्सने काढलेला डीव्हीआर शेअर बराचसा याच जातीचा होता : दहा शेअरमागे एक मत, लाभांश पाच टक्के गुणांनी जास्त. २०२४ मध्ये तो बंद करून दहा डीव्हीआरमागे सात साधे शेअर देण्यात आले.

छोट्या गुंतवणूकदाराला मत कमी मिळाल्याचे तेव्हा काही वाटले नाही. भाव चढत असताना वार्षिक सभेतल्या मताची आठवण कोणाला होते? खरे तर १९८० मध्ये सगळ्यांना समान मत असते, तरी लोकांनी वांग यांच्याच बाजूने हात वर केले असते. अडचण आली ती हात खाली करायची वेळ आली तेव्हा.

घसरण नेमकी कुठे सुरू झाली?

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. स्वस्त संगणकावर टाइप करण्याची सोय मिळू लागल्यावर फक्त त्यासाठी महागडे यंत्र कोण घेणार? कॅल्क्युलेटरच्या वेळी जो धोका वांग यांना दुरून दिसला होता, तोच या वेळी दारात येऊनही नीट दिसला नाही. कंपनीने स्वतःचा पीसी काढला, पण तो आयबीएमच्या सॉफ्टवेअरशी जुळणारा नव्हता. आयबीएमबद्दलचा जुना राग या निर्णयात किती होता याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

ऑक्टोबर १९८३ मध्ये कंपनीने एकाच दिवशी १४ नव्या उत्पादनांची घोषणा केली. त्यातली कित्येक तयारच नव्हती. या विभागाची जबाबदारी होती वांग यांचे थोरले चिरंजीव फ्रेड यांच्याकडे. घोषणेने गुंतवणूकदार सुखावले, पण ग्राहक वाट पाहून कंटाळले. तरी १९८४ मध्ये विक्रीने दोन अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी फोर्ब्सने वांग यांची संपत्ती १.६ अब्ज डॉलर धरून त्यांना अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत व्यक्तींत स्थान दिले.

आपल्यानंतर कंपनी मुलानेच चालवावी, हा वांग यांचा हट्ट होता. ज्यांच्याकडे वारस म्हणून पाहिले जायचे ते अध्यक्ष जॉन कनिंगहॅम १९८५ मध्ये बाहेर पडले. नोव्हेंबर १९८६ मध्ये ३६ वर्षांचे फ्रेड अध्यक्ष झाले. बाहेरच्या शेअरधारकांना हा निर्णय रोखता येणार नव्हता. मतांची किल्ली कुटुंबाकडेच होती. त्यांच्या हातात एकच मार्ग उरला होता, शेअर विकण्याचा. अनेकांनी तोही अवलंबला नाही. डॉक्टर एकदा सावरले होते, पुन्हा सावरतील, अशी आशा होती. वांग यांना सगळे डॉक्टरच म्हणत.

जून १९८९ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४२ कोटी ४० लाख डॉलरचा तोटा झाला. अन्ननलिकेच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या वांग यांनी ऑगस्टमध्ये फ्रेड यांना पदावरून दूर केले. एका बापासाठी हे किती जड गेले असेल, ते सांगायला नको. २४ मार्च १९९० रोजी वांग यांचे निधन झाले.

शेअरधारकांच्या हाती काय उरले?

१८ ऑगस्ट १९९२ रोजी कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. दहा वर्षांपूर्वी ४० डॉलरच्या वर गेलेला शेअर तोवर एका डॉलरच्याही खाली आला होता. पुनर्रचनेत कंपनी वाचली, जुन्या शेअरची किंमत मात्र जवळजवळ शून्य झाली. कधीकाळी ३० हजारांहून अधिक लोकांना रोजगार देणाऱ्या या कंपनीच्या कित्येक कर्मचाऱ्यांची पुंजीही याच शेअरमध्ये होती. त्यांची नोकरी आणि बचत बरोबरच गेली.

वांग यांचे दान मात्र टिकले. बोस्टनमधले मोडकळीला आलेले जुने नाट्यगृह त्यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १९८३ पासून त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कापड गिरण्या बंद पडल्याने ओस पडलेल्या लॉवेल शहरात त्यांनी मुख्यालय नेले होते. तिथे बारा मजल्यांचे तीन मनोरे बांधायला सुमारे सहा कोटी डॉलर लागले होते. १९९४ मध्ये ते लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेले. नव्या मालकांनी डागडुजी करून भाडेकरू आणले आणि १९९८ मध्ये तेच मनोरे दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.