लंडनची गटारे बांधणारा बॅझलजेट

शेतकरी बंधूंनो, सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या कारभारी मंडळींनो, ज्याने रात्री कंदील घेऊन दारे धरली आहेत त्याला उतार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाटाला उतार नसला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि मधेच गाळ बसतो. पण शेतात कळणारी ही गोष्ट गावात गटार बांधताना आपण विसरतो. गटार होतं, बिलही निघतं आणि पहिल्याच पावसात पाणी तुंबतं. मग माणसं लावून गाळ काढायचा, तो काठावरच टाकायचा आणि पुढच्या सरीने तो पुन्हा आत जायचा! हे चक्र ज्याने एका अफाट शहरापुरते तोडले, त्या इंजिनिअरची ही हकिकत आहे.

जोसेफ बॅझलजेट यांचा जन्म 28 मार्च 1819 रोजी लंडनजवळच्या एनफिल्ड येथे झाला. वडील इंग्लंडच्या आरमारातले निवृत्त अधिकारी. जोसेफ यांनी इंजिनिअरीचे पहिले धडे गिरवले ते आयर्लंडमध्ये, पाणथळ जमिनीतले पाणी चर खणून काढण्याच्या कामावर. म्हणजे आपल्याकडची चिबड जमीन सुधारण्यासारखेच काम म्हणा ना. पाणी कुठे अडते आणि कशाने वाहते, हे ते तिथे शिकले. पुढे 1842 मध्ये त्यांनी लंडनला स्वतःचा व्यवसाय सुरू केला. रेल्वेच्या कामांच्या ओझ्याने 1847 मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. बरे झाल्यावर 1849 मध्ये ते लंडनच्या गटार खात्यात नोकरीला लागले.

त्या वेळचे लंडन कसे होते? घराखाली शौचखड्डा असायचा. तो उपसणारे लोक रात्री येत आणि मैला आसपासच्या शेतकऱ्यांना सोनखत म्हणून विकत. शहर वाढले, तशी शेते लांब गेली. 1847 पासून दक्षिण अमेरिकेतून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत जहाजांनी येऊ लागले आणि सोनखताला गिऱ्हाईक उरले नाही. त्यातच पाणी सोडायचे संडास घरोघरी आले आणि खड्डे भरून वाहू लागले. सरकारने खड्डे बंद करून घरे गटारांना जोडायला लावली. पण ती गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि थेट थेम्स नदीत उतरत होती. त्याच नदीचे पाणी कितीतरी लोक पीत होते!

व्हायचे तेच झाले. 1848-49 च्या पटकीत लंडनमध्ये 14 हजारांवर माणसे गेली. 1853-54 मध्ये आणखी 10 हजारांवर. पटकी पाण्यातून पसरते, असे डॉ. जॉन स्नो यांनी 1854 मध्ये दाखवून दिले होते. पण बहुतेकांचा समज रोग दुर्गंधीतून होतो असाच होता. खुद्द बॅझलजेटही त्याच समजाच्या काळात काम करत होते.

1856 मध्ये ते लंडनच्या नव्या बांधकाम मंडळाचे मुख्य अभियंता झाले. नदीला समांतर मोठी गटारे बांधायची, नदीकडे जाणारी सगळी घाण मधेच अडवायची आणि शहराच्या खाली, पूर्वेला नेऊन सोडायची, अशी त्यांची योजना होती. पण घाण नेमकी कुठे सोडायची आणि पैसा कुणी द्यायचा, यावर कागद इकडून तिकडे फिरत राहिले. मग आला 1858 चा कडक उन्हाळा. नदी इतकी घाण मारू लागली की काठावरच्या पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले. वास खासदारांच्या नाकात शिरला आणि 18 दिवसांत कायदा मंजूर झाला. फाइल कशाने हलते, हे तुम्हाला काय सांगायचं!

मग काम झपाट्याने सुरू झाले. 82 मैलांची मुख्य गटारे आणि सुमारे 1,100 मैलांची रस्त्यांखालची गटारे. त्यासाठी 31 कोटींवर विटा लागल्या. बॅझलजेट नुसते कचेरीत बसून राहिले नाहीत. सिमेंटचा माल तपासून घ्यायचा, कसोटीला उतरला नाही तर परत पाठवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

आता मुद्द्याची गोष्ट. यातली पुष्कळ गटारे अंड्याच्या आकाराची होती, निमुळते टोक खाली. पाणी थोडे असले तरी ते तळाच्या अरुंद भागातून जोराने वाहते आणि गाळ सोबत घेऊन जाते. मुख्य गटारांना मैलाला किमान दोन फूट उतार ठेवला होता. उतार संपला तिथे पाणी वर उचलायला वाफेचे पंप बसवले. क्रॉसनेसचा पंप 1865 मध्ये आणि ॲबी मिल्सचा 1868 मध्ये चालू झाला. गटार रोज माणसाने उपसायचे नसते, त्याने स्वतःला धुवायचे असते. माणूस लागतोच, पण राहिलेलं काढायला.

1866 मध्ये पटकी पुन्हा आली आणि साडेपाच हजारांवर बळी घेऊन गेली. तिचा सगळा जोर पूर्व लंडनमध्ये होता आणि नेमके तिथलेच काम पुरे व्हायचे होते. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची तशी साथ आली नाही.

पण या कामात एक उणीव राहिली, तीही सांगितली पाहिजे. शहराची घाण शहराबाहेर गेली, पण शुद्ध न होता नदीतच पडत राहिली. खालच्या अंगाला राहणारे तक्रारी करत होते. 1878 मध्ये त्याच ठिकाणाजवळ ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट बुडून सहाशेवर माणसे गेली, तेव्हा पाण्यातल्या त्या घाणीची फार चर्चा झाली. अखेर गाळ वेगळा काढून 1887 पासून जहाजाने समुद्रात नेऊ लागले. तेही 1998 मध्ये बंद झाले.

बॅझलजेट यांना 1875 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. 15 मार्च 1891 रोजी ते वारले. त्यांची गटारे आजही वापरात आहेत. मात्र चांगले गटारसुद्धा वापरणाऱ्याच्या हातात असते. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात त्या काळच्या एका गटारात तेल, चरबी आणि ओले पुसणे यांचा 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा गोळा अडकला. तो फोडायला माणसांना कित्येक आठवडे खपावे लागले.

तर मंडळी, यातून आपण काय घ्यायचं? गटार बांधायच्या आधी लेव्हल घ्या. बांधून झालं की बिलावर सही करण्यापूर्वी वरच्या टोकाला दोन घागरी पाणी ओता आणि ते खाली पोचतं का ते बघा. राख, खरकटं आणि प्लास्टिकच्या पिशव्या गटारात जाऊ देऊ नका. काढलेला गाळ त्याच दिवशी उचला. बंद गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवू नका. आत विषारी वायू असतो, एकाच्या मागे वाचवायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसणारी गाडी बोलवा.

आणि सगळ्यात शेवटी, गटाराचं शेवटचं टोक. ते शोषखड्ड्यात जातं, परसबागेत जातं, की खालच्या गावाच्या पिण्याच्या ओढ्यात? आज संध्याकाळी जरा चालत जा आणि स्वतः बघून या.