बहीण वाचली अन् मुलीनं ठरवलं, डॉक्टरच व्हायचं : कामा हॉस्पिटलच्या पहिल्या भारतीय प्रमुख डॉ. जेरुशा झिराड यांची कहाणी

सोयगाव (प्रतिनिधी) : मुंबईचं कामा हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना २६/११ आठवतो. २००८ साली अतिरेकी त्या दवाखान्यात शिरले होते, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पण हा दवाखाना मुळात फक्त बायका आणि लेकरांसाठी बांधलेला आहे, आणि तोही १८८६ पासून, हे फार जणांना माहीत नसतं. त्याच दवाखान्याच्या खुर्चीवर बसलेली पहिली भारतीय डॉक्टर एक मराठी बोलणारी ज्यू बाई होती. नाव डॉ. जेरुशा झिराड. आनंदीबाई जोशी सिनेमामुळे घराघरात पोचल्या, या बाईंचं नाव मात्र मागं राहिलं.

आधी ज्यू म्हणजे कोण ते सांगतो, कारण आपल्या तालुक्यात हा समाज नाही. इस्रायल देश ज्यांचा, ते ज्यू, म्हणजे यहुदी. पण आपल्या कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, शेकडो वर्षांपासून ज्यू लोक राहत आले. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते परंपरेनं सांगतात. पुढे ते तेलाच्या घाण्याचा धंदा करू लागले. शनिवारी त्यांचा सुट्टीचा, देवाचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. भाषा मराठी, बायांच्या अंगावर लुगडं अन् गळ्यात मंगळसूत्र, देवाला मलिदा. आडनावंही आपल्यासारखीच गावावरून : रोहेकर, पेणकर, किहीमकर, चेऊलकर. जुन्या 'गोलमाल' सिनेमातले डॉक्टर केदार, म्हणजे नट डेव्हिड, हे चेऊलकरच. झिराड हेही अलिबाग तालुक्यातलं गाव आहे.

जेरुशाबाईंचा जन्म मात्र कर्नाटकातल्या शिमोग्याचा, १८९० सालचा. घर एकेकाळी बरं होतं, नंतर पैशाची ओढाताण सुरू झाली. तरी मुलीला शिकायला पुण्याला ठेवलं, मुलींच्या हायस्कुलात, जिला आपण हुजूरपागा म्हणतो. त्या काळात मुलगी दुसऱ्या गावी ठेवून शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडे आजही दहावीनंतर मुलीला बाहेर ठेवायचं म्हटलं की घरात चार बैठका होतात. पुढचं शिक्षण बरंचसं शिष्यवृत्तीवरच झालं.

डॉक्टर व्हायचं ठरलं ते वयाच्या अकराव्या वर्षी. बहीण फार आजारी पडली होती. तिला कामा हॉस्पिटलात नेलं. तिथं तेव्हा डॉ. ॲनेट बेन्सन नावाच्या इंग्रज बाई प्रमुख होत्या. त्यांनी बहिणीला बरं केलं. या पोरीनं ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि नुसतं डॉक्टर नाही, याच दवाखान्याचं प्रमुख व्हायचं. अकरा वर्षांच्या पोरी काय काय ठरवतात, पुढं विसरतात. ही विसरली नाही.

इथं थोडं थांबून तो काळ समजून घेतला पाहिजे. त्या वेळी बाई आजारी पडली तरी पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायची नाही. अंगावरचं दुखणं असो, बाळंतपण अडलेलं असो, घरात सुईण आणि देवाचं नाव, एवढंच. हिंदू काय, मुसलमान काय, पारशी काय, कमीजास्त सगळीकडं हेच. म्हणून बायकांसाठी बायकांनीच चालवलेला दवाखाना पाहिजे, अशी मागणी मुंबईत उठली आणि पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी पैसा दिला. तिथल्या पहिल्या प्रमुख डॉ. एडिथ पेची याही इंग्रजच. १८८६ हेच ते साल, ज्या साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी वारल्या. म्हणजे बाईला बाईच डॉक्टर पाहिजे ही गरज मोठी, आणि आपल्या देशातल्या डॉक्टरबाया बोटावर मोजण्याइतक्या. आपला भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या गावांतून अडलेली बाई कुठं नेत असतील, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

१९०७ ला मॅट्रिक, मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि १९१२ ला एल.एम.एस. ही डॉक्टरकी. झालं एकदाचं, असं दुसरं कुणी म्हणालं असतं. पण कामाची प्रमुख व्हायचं तर विलायतेची पदवी लागायची. सरकार हुशार मुलांना विलायतेला शिकायला शिष्यवृत्ती देत होतं, पण ती बायकांना नव्हती. मग टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली आणि १९१४ साली जेरुशाबाई लंडनला गेल्या. कर्ज काढून शिकणं आपल्याला नवीन नाही, शेतकऱ्याच्या पोराला तर नाहीच. पण शंभरावर वर्षांपूर्वी एका बिनलग्नाच्या मुलीनं समुद्रापार जाण्यासाठी कर्ज घ्यावं, याला छातीच लागते.

त्याच साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुढे सरकारनंच त्यांना शिष्यवृत्ती दिली. भारत सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या बाई. बंद असलेलं दार असं उघडलं. लंडनमध्ये बायकांच्याच मेडिकल कॉलेजात शिकल्या, बायकांच्याच दवाखान्यात काम केलं आणि १९१९ साली बाळंतपण व स्त्रीरोग या विषयात लंडनची एम.डी. मिळवली.

परत आल्यावर लगेच कामा मिळालं असं नाही. थोडा काळ दिल्लीला लेडी हार्डिंगमध्ये, मग काही वर्षं बंगलोरच्या प्रसूती रुग्णालयात. १९२५ ला मुंबईत कामामध्ये मानद सर्जन म्हणून पाय ठेवला. आणि १९२८ ला त्या कामाच्या प्रमुख झाल्या. तोवर ती जागा इंग्रज बायांकडंच असायची. बहीण जिथं वाचली, त्याच दवाखान्याच्या त्या खुर्चीत त्या बसल्या आणि १९४७ पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षं, त्यांनी तो दवाखाना चालवला.

या काळातलं त्यांचं एक काम मला सगळ्यात मोठं वाटतं. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात बाया का मरतात याचा रीतसर तपास केला. त्याचा अहवाल पुढं १९४१ साली छापून आला. तोपर्यंत बाळंतीण गेली की लोक नशीब म्हणायचे, फार तर बाहेरची बाधा म्हणायचे. एकेक मरणाची नोंद घ्यायची, ती कशानं झाली ते शोधायचं, म्हणजे पुढची वाचेल, हा विचारच वेगळा होता. आज आपल्या आशाताई दारात येऊन तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा म्हणतात, रक्त तपासायला लावतात, लोहाच्या गोळ्या देतात. एखादी बाळंतीण दगावली तर आरोग्य खात्याला त्याची कारणं तपासावी लागतात. अशा तपासाची वाट या बाईंसारख्या डॉक्टरांनी पाडली. आपल्याकडं मात्र गोळ्यांची पाकिटं अजून फडताळात पडून राहतात, आणि अवघड बाळंतपण असलं की आपली माणसं जळगावचा रस्ता धरतात, नाहीतर सिल्लोडमार्गे संभाजीनगरला घाटीत. बनोटी, सावळदबाऱ्याकडच्या लोकांना हा रस्ता पावसाळ्यात काय असतो, ते सांगायची गरज नाही.

जेरुशाबाईंनी लग्न केलं नाही. संसार म्हणजे दवाखाना आणि बहिणी. समाजातही त्या गप्प बसल्या नाहीत. शिकत असतानाच त्यांनी बहिणीच्या जोडीनं बेने इस्रायल बायकांचं स्त्री मंडळ काढलं. लंडनमध्ये ज्यू धर्मातली सुधारकी विचारांची माणसं भेटली, त्यावरून १९२५ मध्ये बहीण लेआ यांच्यासोबत मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन स्थापन केली.

इंग्रज सरकारनं त्यांना एम.बी.ई. हा किताब दिला. निवृत्तीनंतर भारतातल्या डॉक्टर बायांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी दहा वर्षं सांभाळलं. १९५० साली देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, जिला डॉक्टर मंडळी फॉग्सी म्हणतात, तिच्या त्या संस्थापक अध्यक्ष. आज शहरातल्या कुठल्याही बाळंतपणाच्या डॉक्टरला फॉग्सी काय म्हणून विचारा, लगेच सांगतील. १९६६ ला भारत सरकारनं पद्मश्री दिली.

इस्रायल देश १९४८ साली झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्रायल समाजाची बहुतेक घरं तिकडं गेली. कोकणातल्या गावांत सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनाघरं, आता मोजक्या माणसांच्या भरवशावर उभी आहेत. तिकडं गेलेल्यांच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून मराठी आहे, इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. जेरुशाबाई भारतातच राहिल्या. नव्वदी ओलांडल्यावर त्या वारल्या. मुंबईत सीएसएमटी स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कामा हॉस्पिटल आहे, आणि तिथं आजही बायांची बाळंतपणं होतात.