रेव्हरंड टिळक आणि चर्चचा उंबरठा

मराठी माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रथम भेटतात ते शाळेच्या पुस्तकात, फुलामुलांचे कवी म्हणून. घायाळ पक्षिणीवरची त्यांची कविता ज्यांनी घोकली, त्यांतल्या अनेकांना पुढे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून दुसरे टिळक भेटले: लहरी, विसरभोळे, खिशातले पैसे वाटेतच कोणाला तरी देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे. तिसऱ्या टिळकांची ओळख मात्र फारशी होत नाही. हे टिळक १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बावीस वर्षांची मिशनची चाकरी आणि पगार सोडून बाहेर पडले. कारण त्यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. ख्रिस्ताचा शिष्य व्हायचे तर चर्चच्या दारातूनच आत गेले पाहिजे का, आणि आपल्याला गवसलेले दुसऱ्याला द्यायचे तर ते पगारी प्रचारक होऊन देता येते का, असा तो प्रश्न होता.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणे चित्पावनांचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक. अभंगांची गोडी मुलाला तिच्याकडून मिळाली. ती लवकर गेली, मुलगा घरापासून तुटला आणि नाशिकला येऊन गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत जेमतेम दोन वर्षे काढली असतील. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्याशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे भटकंती. कुठे शिक्षक, कुठे कीर्तनकार, कुठे छापखान्यातले काम. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे नियतकालिक चालवले. हिंदू धर्म शुद्ध होऊन देश उभा राहावा, जातिभेद जावा, ही त्या काळातली त्यांची तळमळ होती. तिचे उत्तर कोणत्या ग्रंथात सापडेल, याचा शोध सुरू होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. अर्नेस्ट वॉर्ड हे त्याचे नाव. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे वचन दिले आणि ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन थांबले, ते पुढे हललेच नाहीत. इथे कोणी पाद्री त्यांच्यामागे लागला नव्हता, कोणत्या प्रार्थनामंदिरात ते गेले नव्हते. एक मनुष्य आणि एक पुस्तक, एवढाच हा व्यवहार होता. पुढे नाव न देता ख्रिस्ती पत्रात लिहिलेल्या मजकुरातून त्यांचा मुंबईतल्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी संबंध आला. महाराष्ट्रातल्या संतांची चरित्रे पुढे इंग्रजीत नेणारे अ‍ॅबट ते हेच.

मनाने ख्रिस्ती होऊन जनात ब्राह्मण म्हणून राहणे टिळकांना अशक्य नव्हते. त्या काळात तसे करणारे होते, आणि त्यांना दोष देणेही कठीण. बाप्तिस्मा म्हणजे जातीतून, घरातून, विहिरीवरून उठणे होते. टिळकांनी तो घेतला, मुंबईत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी. चर्च अनावश्यक आहे असे त्यांना तेव्हा वाटत असते तर इतकी मोठी किंमत देऊन त्यांनी ते दार ओलांडले नसते. पुढच्या टिळकांविषयी बोलताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

किंमत लक्ष्मीबाईंनीही भरली, आणि ती कोणी त्यांना विचारून ठरवली नव्हती. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पदरात लहानगा दत्तू. आप्तांच्या आधाराने काही काळ पंढरपुरात राहिल्या. सुमारे पाच वर्षे हा दुरावा चालला. टिळक पत्रे पाठवीत, कविता पाठवीत. अखेर त्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) त्यांच्याजवळ आल्या, त्याही आपले सोवळे-ओवळे घेऊन. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. ज्या माणसाने धर्मासाठी घर मोडू दिले, त्याने घर पुन्हा जुळल्यावर बायकोला धर्माचा आग्रह केला नाही, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. जात देवाने केली की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंच्या डोक्यात राहुरीला आपला आपणच आला, आणि एकदा आल्यावर त्यांनी शिवाशिव टाकून दिली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो तिथेच. पुढे बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यावरून त्या घरातल्या मायेत फरक पडला नाही.

नगरच्या वर्षांत टिळक चर्चचे पुरते झाले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून नगरला होते. त्याची मंडळी काँग्रिगेशनल पद्धतीची होती, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहायचा. टिळक तिथल्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवू लागले, १९०४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि ‘रेव्हरंड’ ही पदवी नावामागे कायमची लागली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. १८४२ साली निघालेले हे पत्र मराठी नियतकालिकांतले फार जुने.

पण या चर्चमध्ये त्यांना एक गोष्ट सलत राहिली. उपासना मराठीत होती, तिचा जीव मात्र परका होता. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीते, परक्या वळणाचा पेहराव, परकी नावे. तुकोबाच्या अभंगावर वाढलेल्या टिळकांना हे म्हणजे गव्हाच्या कोठारात बसून उपास काढण्यासारखे वाटले असेल. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी नगरात ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. अभंग, पदे, भजने, शंभराहून अधिक उपासनागीते त्यांनी लिहिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती, आणि तो पूल मागे जाळून टाकायला ते तयार नव्हते. १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले.

गीते बदलली, तरी मूळ प्रश्न तसाच राहिला. ही गीते ऐकत होते कोण? मिशनच्या आवारातलेच लोक. आवाराबाहेरच्या महाराष्ट्राच्या दृष्टीने टिळक अमेरिकेच्या पैशावर जगणारे मिशनचे नोकर होते. पुण्या-नगरचा सुशिक्षित हिंदू त्यांची कविता डोक्यावर घेई, त्यांच्या देशभक्तीवर शंका घेणेही कठीण होते. पण ख्रिस्ताविषयी ते बोलू लागले की बोलण्यामागे पगार उभा राही. जो माणूस एखादी गोष्ट सांगण्याचे वेतन घेतो, त्याच्या सांगण्यातून साक्ष वजा होते. खोटे नसूनही ते धंद्याचे वाटते. दुसरीकडे, ज्या हिंदूला ख्रिस्त आवडला त्याच्यापुढे मिशन एकच मागणी ठेवी: बाप्तिस्मा घ्या, म्हणजे घर सोडा. ती मागणी काय असते हे टिळकांना लक्ष्मीबाईंच्या त्या पाच वर्षांवरून ठाऊक होते.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनला निरोप दिला आणि संन्याशाचे जिणे पत्करले. संन्यास म्हटले तरी लक्ष्मीबाई बरोबर होत्याच. या गृहस्थाचा संन्यासही सहकुटुंब. साताऱ्याला मुक्काम हलला. जवळच रामदासांचा सज्जनगड. वारकऱ्यांचा मेळा आणि रामदासांचा मठ टिळकांच्या मनात असणार. इथे त्यांनी काढलेल्या संस्थेचे नाव ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ होता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्याने आत यावे. त्याची जात, त्याचे चर्च किंवा चर्चच्या वहीत त्याचे नाव आहे की नाही, हे विचारले जाणार नव्हते. सबंध मानवजातीच्या मित्रांचे एक कुटुंब यातून वाढत जावे, अशी त्यांची कल्पना होती.

चर्चच्या दृष्टीने यातला धोका उघड होता, आणि तो दाखवणारे सगळेच संकुचित मनाचे होते असे समजण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व चालते, असे टिळकांसारख्या मोठ्या माणसाने म्हटले की ज्यांनी बाप्तिस्म्यापायी गाव, वतन, नातीगोती गमावली, त्यांनी काय समजायचे? नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार-मांग समाजातून आलेली होती. त्यांना चर्च हे गावकुसाबाहेरच्या जगण्यातून बाहेर काढणारे पहिले छप्पर होते. सवर्ण जिज्ञासूला घर न सोडता ख्रिस्त मिळावा यासाठी दार रुंद करताना, ज्यांच्याकडे सोडायलाही काही नव्हते त्यांना त्या छपराची किती गरज आहे, याचे उत्तर दरबाराच्या कल्पनेत पुरते सापडत नाही. टिळकांचा मोठेपणा मान्य करूनही हे म्हणावे लागते.

हा झगडा त्यांच्या एकट्याचा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेचच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा वाद सुरू झाला. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे अमुक एका चर्चची सगळी मते आणि सगळे अधिकारी स्वीकारले असे होत नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आपल्या पद्धतीची उपासना उभी केली. रमाबाईंचा वाद चर्चच्या अधिकाराशी होता, टिळकांचा चर्चच्या कुंपणाशी.

एक मात्र खरे की टिळकांनी चर्चशी नाते तोडले नाही. पगार सोडला, मंडळी सोडली नाही. ‘ज्ञानोदय’चे काम त्यांनी शेवटपर्यंत केले. एकट्याने घरात बसून ख्रिस्ती राहता येईल, असे म्हणणाऱ्यांतले ते नव्हतेच. त्यांना माणसे हवी होती, सामुदायिक भजन हवे होते, पंगत हवी होती. संगतीवाचून भक्ती टिकत नाही ही वारकऱ्यांची शिकवण त्यांच्या हाडीमासी खिळलेली होती. रविवारच्या बाकांपुरती ती संगत मर्यादित राहावी, एवढेच त्यांना मंजूर नव्हते. आणि श्रद्धा वाटून घेणे म्हणजे त्यांच्या लेखी व्याख्यान नव्हे. ते गाणे होते, सोबत राहणे होते.

दरबाराला काळ फार थोडा मिळाला. साताऱ्यात भजन-प्रार्थना सुरू झाली, माणसे येऊ-जाऊ लागली, पण टिळकांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संन्यास घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. दरबार त्यांच्या व्यक्तित्वावर उभा होता. ते गेल्यावर तो फार काळ तग धरू शकला नाही. घटना नाही, निधी नाही, वारस नाही. मिशनमध्ये ज्या गोष्टींचा त्यांना कंटाळा होता, त्याच नसल्यामुळे दरबार विरला, हा योगायोग नव्हे. मात्र त्यांचे पहिले मोठे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी आदल्याच वर्षी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला होता. भारतीय आणि युरोपीय यांनी एकत्र, साधेपणाने, आश्रमासारखे राहायचे, असा त्याचा बेत. पुढे पुण्यात त्याचा आश्रम झाला. १९२७ साली व्हेरियर एल्विन इंग्लंडहून भारतात आले ते याच संघात.

‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. उरलेले काव्य लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि दोघांच्या पश्चात, १९३८ मध्ये, देवदत्त टिळकांनी ते प्रसिद्ध केले. आवाराबाहेरच्या माणसांसाठी लिहिलेली टिळकांची पदे मात्र आवारातच जास्त रुजली. मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती मोठ्या संख्येने आहेत, आणि रविवारी सकाळी मंडळी उभी राहते तेव्हा ती अजूनही म्हटली जातात.