हवेशिवाय जगणारे जीव: लुई पाश्चर आणि अणुकचऱ्याचं तळघर

मी विंचूरचा. आमच्याकडे वाईन पार्क आहे, त्यामुळे द्राक्षरस आंबवण्याच्या गप्पा लहानपणापासून कानावर पडतात. त्यातला शास्त्रज्ञ कोण म्हणून शोधायला गेलो, तर थेट अणुकचऱ्यापर्यंत पोहोचलो. कसा, ते सांगतो.

लुई पाश्चर १८२२ साली फ्रान्समधल्या डोल गावी जन्मले. वडील कातडी कमवायचे. पाश्चर शिकले रसायनशास्त्र. १८५४ मध्ये ते लील शहरात प्राध्यापक झाले. तिथल्या एका कारखानदाराचं बीटापासूनचं मद्य बिघडत होतं, म्हणून तो त्यांच्याकडे आला. तेव्हापासून पाश्चर आंबण्याच्या मागे लागले.

१८६१ मध्ये त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक विचित्र गोष्ट दिसली. थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागते, तिथले जंतू थंड पडले होते. मधले मात्र मजेत फिरत होते. म्हणजे काही जीवांना हवा नकोच असते, उलट ती त्यांना मारते!

याच काळात घरावर आभाळ कोसळत होतं. १८५९ ते १८६६ दरम्यान त्यांच्या तीन मुली गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. १८६८ मध्ये अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडली. तरी काम थांबलं नाही. १८८५ मध्ये रेबीजची लस आली. १८९५ मध्ये पाश्चर गेले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये बेकरेल यांना किरणोत्सर्ग सापडला.

आता या दोन गोष्टी जोडूया. अणुभट्टीचा घातक कचरा हजारो वर्षं घातक राहतो. म्हणून तो धातूच्या डब्यात बंद करून, भोवती बेंटोनाइट माती ठासून, शेकडो मीटर खोल पुरायचा, अशी योजना आहे. फिनलंडमध्ये त्यासाठी ओंकालो नावाचं भुयार खोदलंय. तिथे खाली ऑक्सिजन नसतो. मग जीवही नसणार? नाही! पाश्चरांनी पाहिले तसे हवा नको असलेले जीव तिथे राहू शकतात. आपल्या कोयना भागात खोलवरून काढलेल्या खडकातही सूक्ष्मजीव सापडलेत.

ते करतात काय? पोलाद गंजताना हायड्रोजन निघतो, काही जीव तो खातात. त्यामुळे आतला वायूचा दाब कमी होतो, हा फायदा. पण त्यातलेच काही सल्फाइड तयार करतात आणि त्याने तांब्याचा डबा झिजतो, हा धोका. बेंटोनाइट पाण्याने फुगून घट्ट बसते, जीवांना वाढायला जागाच उरत नाही. म्हणून ती घट्ट ठासणं इतकं महत्त्वाचं.

भारतात असा कचरा काचेत मिसळून गोठवतात. खोल भांडार आपल्याकडे अजून नाही. उद्या ते बांधायचं ठरलं, तर खडक, पाणी आणि धातूसोबत या न दिसणाऱ्या रहिवाशांचाही हिशोब मांडावा लागेल. त्याची सुरुवात एका थेंबाच्या कडेला झाली होती.